सुरुंग की भूकंप?

दुपारची वेळ. जमीन एकदाच धप्प करून हादरली, फळीवरची पितळी भांडी किणकिणली आणि काकू हातातलं पीठ तसंच घेऊन अंगणात. शेजारीणही बाहेर. ‘हादरा हाय का काय गं?’ मग कळलं, पलीकडच्या वावरात विहिरीला बार उडवला होता. सुरुंग. काकू आत आल्या, पण पुढचा अर्धा तास त्यांचं कणकेत लक्ष नव्हतं.

आमच्या औसा तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांतली दगडमातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

काकूंचा हा प्रश्न शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघालाही छळत होता. फक्त त्यांचा सुरुंग अणुबॉम्बचा होता. चाचण्या बंद करायच्या, हे तत्त्वतः दोघांना मान्य होतं. पण समोरच्याने जमिनीखाली गुपचूप बार उडवला आणि ‘भूकंप होता’ म्हणाला तर? संशय आला की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहायचं, असं ठरत होतं. पण वर्षातून किती वेळा? अमेरिका सातावर अडून बसली, सोव्हिएत संघ तिनाच्या वर जाईना. अखेर १९६३ च्या करारात हवा, पाणी आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी आली, जमिनीखालच्या मात्र राहून गेल्या. भूकंपशास्त्र तेव्हा कच्चं होतं, त्याचा हा भुर्दंड.

त्याच काळात अमेरिकेने जगभर शंभरावर भूकंपमापन केंद्रं उभी केली, एक आपल्या पुण्यातही. बॉम्ब पकडायला मांडलेल्या या यंत्रांच्या नोंदींतून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, सरकतात याचे पुरावे मिळाले, ही त्यातली फुकटची कमाई.

फरक ओळखतात कसा? स्फोट चहूबाजूंना ढकलतो. त्यामुळे कुठल्याही दिशेच्या केंद्रावर जमिनीची पहिली हालचाल वरच्या बाजूला असते. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात. काही केंद्रांना पहिला धक्का वर, काहींना खाली. स्फोटाच्या आलेखात आधी पोचणाऱ्या पी-लहरी ठसठशीत, मागच्या एस-लहरी त्यामानाने फिक्या. भूकंपात मागच्याच जोरकस. खोलीही बोलते: बॉम्ब कुणी वीस किलोमीटर खाली पुरत नाही. पण एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण किल्लारीचा भूकंपही उथळच होता.

याचा उपयोग १९९७ मध्ये दिसला. १६ ऑगस्टला रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांच्या बाजूने एक लहानसा हादरा नोंदला गेला. तिथल्या अणुचाचणी केंद्रावर हालचाल दिसत होतीच, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये रशियाने चाचण्या न करण्याचा शब्द मोडल्याची कुजबुज सुरू झाली आणि ती वर्तमानपत्रांपर्यंत गेली. शास्त्रज्ञांनी आलेख तपासले, तेव्हा धक्क्याचा उगम चाचणी केंद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कारा समुद्राच्या तळाखाली निघाला. नोव्हेंबरपर्यंत अमेरिकी गुप्तचर खात्याच्या तज्ज्ञांनीही ही अणुचाचणी नव्हती, असं मान्य केलं. दोन राजधान्यांमधलं भांडण आलेखाच्या एका पट्टीवर मिटलं. परराष्ट्र खात्याच्या अंदाजपत्रकात भूकंपमापकाला जागा असावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

भारताने १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावर सही केलेली नाही. मोठ्यांनी बॉम्ब ठेवायचे आणि इतरांनी चाचण्या थांबवायच्या, हा दुजाभाव त्याला मान्य नव्हता. तरी कान आपलेही उघडे आहेत. कर्नाटकात गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापकांची मालिका १९६५ पासून जगभरचे बार ऐकते आहे. अर्थात कानालाही मर्यादा असतात. १३ मे १९९८ ला पोखरणमध्ये केलेले दोन अगदी लहान स्फोट परदेशी केंद्रांना ऐकूच गेले नाहीत.

२०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा थोड्याच वेळात माझ्या फोनवर आकडा, खोली, नकाशा सगळं आलं. काकूंना दाखवायला गेलो. त्या अंगणातच उभ्या होत्या, चुलीवरचं दूध उतू जात होतं.