पार्श्वभूमी : मागे घेतलेले विधान आणि काढून घेतलेली पदे

11 जानेवारी 2019 रोजी न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील जीवशास्त्र प्रयोगशाळेने आपल्या माजी कुलपतींकडे असलेली तीन मानपदे रद्द केली. गुणश्री (म्हणजे निवृत्तीनंतरही मानाने राहणारे) कुलपती, गुणश्री प्राध्यापक आणि मानद विश्वस्त अशी ती पदे होती. ज्यांची ती होती ते जेम्स वॉटसन, डीएनएच्या रचनेसाठी 1962 चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक. आज या प्रकरणाची आठवण निघते तेव्हा कृष्णवर्णीयांच्या बुद्धीविषयीच्या त्यांच्या विधानावरून उठलेला 2007 चा गदारोळ आणि 2019 ची कारवाई एकाच दमात सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये 11 वर्षांहून अधिक काळ गेला होता, आणि खरा वाद त्या मधल्या काळाचा आहे.

कोल्ड स्प्रिंग हार्बरला वंश आणि बुद्धी या विषयाची जुनी ओळख आहे. 1910 ते 1939 या काळात तेथे सुप्रजननाच्या, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची संतती वाढवून ‘वाईटांची’ रोखावी या विचाराच्या, नोंदी ठेवणारे एक कार्यालय होते. गरिबी, गुन्हेगारी आणि ‘मंदबुद्धी’ रक्तातूनच उतरते, असे सिद्ध करण्यासाठी तेथे कुटुंबांचे तक्ते जमवले जात. त्या कार्यालयाच्या एका प्रमुखाने परदेशातून येणाऱ्यांवर मर्यादा घालणाऱ्या 1924 च्या स्थलांतर कायद्याच्या बाजूने अमेरिकी संसदेत साक्ष दिली आणि सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याचा नमुनाही तयार केला. जवळपास त्याच वर्षांत बर्लिनच्या एका संस्थेत पुण्याहून गेलेल्या इरावती कर्वे या तरुण संशोधिकेला कवट्यांची मापे घेण्याचे काम मिळाले होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता गोऱ्या युरोपीयांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे मार्गदर्शकांचे मत होते. तिने 149 कवट्या मोजल्या. वंश आणि असमानता यांचा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष तिने त्याच मार्गदर्शकांपुढे मांडला. मराठी वाचकांना पुढे ती मानवशास्त्रज्ञ आणि ललित लेखिका म्हणून परिचित झाली. तिचे उदाहरण येथे मुद्दाम दिले आहे, कारण ‘त्या काळी सगळेच तसे मानत’ हा बचाव किती पोकळ आहे, हे त्यातून दिसते.

युद्धानंतर, 1950 मध्ये, युनेस्को या आंतरराष्ट्रीय संघटनेने वंशविषयक निवेदन काढले आणि श्रेष्ठ-कनिष्ठ वंशांच्या कल्पनेचा शास्त्रीय आधार नाकारला. तरीही ट्रान्झिस्टरसाठी 1956 चे नोबेल मिळालेल्या विल्यम शॉक्ली या भौतिकशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या बुद्धीविषयी तोच सूर लावला आणि कमी बुद्ध्यंकाच्या लोकांनी नसबंदी करून घेतल्यास त्यांना पैसे द्यावेत, असेही सुचवले. एका वृत्तपत्राने या योजनेची तुलना नाझींच्या प्रयोगांशी केली, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1984 मध्ये ज्यूरीने दावा त्यांच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक डॉलर. त्यांनी आपले म्हणणे कधीच मागे घेतले नाही. कोल्ड स्प्रिंग हार्बरचे प्रकरण नेमके येथेच वेगळे ठरते.

14 ऑक्टोबर 2007 रोजी लंडनच्या एका रविवारच्या वृत्तपत्रात वॉटसन यांची मुलाखत आली. आफ्रिकेच्या भवितव्याबद्दल आपण निराश आहोत, कारण तेथील लोकांची बुद्धी आपल्याइतकीच आहे असे गृहीत धरून धोरणे आखली जातात आणि चाचण्या तसे सांगत नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांशी काम पडलेल्यांना समानता खरी वाटत नाही, अशीही पुस्ती त्यांनी जोडली. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे 85 टक्के एकाच लोकसमूहाच्या आत असते, म्हणजे समूहासमूहांतील फरक त्यामानाने थोडा असतो, हे 1972 मध्येच दाखवले गेले होते. माणसाचा सगळा जनुकसंच वाचण्याच्या ज्या अमेरिकी राष्ट्रीय प्रकल्पाचे हे गृहस्थ पहिले प्रमुख होते, त्याच्या निधीतील 3 टक्के रक्कम नैतिक व सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी त्यांनी स्वतःच राखून ठेवली होती. गैरवापराचा इतिहास माहीत नसलेल्या माणसाचे हे उद्गार नव्हते, म्हणूनच धक्का मोठा होता.

पुढचे दिवस वेगाने गेले. लंडनच्या एका संग्रहालयाने 19 ऑक्टोबरचे त्यांचे व्याख्यान रद्द केले. त्यावर काही नामवंत शास्त्रज्ञांनी मतस्वातंत्र्याच्या नावाने आक्षेप घेतला. 18 तारखेला प्रयोगशाळेच्या विश्वस्तांनी त्यांचे प्रशासकीय अधिकार स्थगित केले. वॉटसन यांनी बिनशर्त माफी मागितली आणि अशा समजुतीला शास्त्रीय आधार नाही, असे लेखी सांगितले. 25 तारखेला ते कुलपतिपदावरून निवृत्त झाले. या सगळ्याला सर्रास ‘हकालपट्टी’ म्हटले जाते, पण तो शब्द येथे बसत नाही. अधिकार स्थगित झाले होते, पद त्यांनी स्वतः सोडले, आणि त्यानंतरही ‘गुणश्री’ म्हणून त्यांचा मान आणि प्रयोगशाळेतील त्यांची जागा कायम राहिली. म्हणजे संस्थेने माफी मान्य केली आणि त्या माफीच्या भरवशावर नाते टिकवले. हा तपशील हातून सुटला की 2019 चा निर्णय एकाच गुन्ह्याची दुसरी शिक्षा वाटू लागतो.

आपल्याला वाळीत टाकले गेले, ही त्यांची तक्रार मात्र सुरूच होती. डिसेंबर 2014 मध्ये त्यांनी नोबेल पदक न्यूयॉर्कमध्ये लिलावात काढले. 41 लाख डॉलरची बोली लावणाऱ्या एका रशियन उद्योगपतीने ते त्यांना परत केले. पुरस्कार काढून घेतला गेला, अशी समजूत अधूनमधून दिसते, परंतु नोबेलच्या नियमांत तशी तरतूदच नाही.

2 जानेवारी 2019 रोजी अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर त्यांच्यावरील माहितीपट दाखवला गेला. वंश आणि बुद्धी यांविषयीची मते बदलली का, असे त्यात विचारले असता त्यांनी अजिबात नाही असे उत्तर दिले. नऊ दिवसांनी संस्थेने निर्णय जाहीर केला. या वक्तव्यांमुळे 2007 ची लेखी माफी आणि माघार व्यवहारतः उलटली आहे, हे कारण संस्थेने स्पष्ट दिले होते. त्यावेळी ते 90 वर्षांचे होते आणि मोटार अपघातानंतर शुश्रूषेत होते. अशा अवस्थेतील माणसावर कारवाई करणे निष्ठुरपणाचे आहे, असे म्हणणाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण मानपद ही त्या माणसाची मिळकत नव्हती. त्या पदावरून जे बोलले जाई त्याला संस्थेचे वजन मिळे, आणि त्याच संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थी जनुकशास्त्र शिकायला येत होते. आपल्या बुद्धीवर शंका घेणाऱ्याचे नाव त्यांनी रोज सन्मानाने का उच्चारावे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडून आले नाही. निर्णयात दोष काढायचाच तर तो उशिराचा आहे. 2007 मधील माघार मनापासून होती का, हे त्यानंतरच्या काळात संस्थेने तपासायला हवे होते. ते काम अखेर एका माहितीपटाने केले.

संस्थेची पदव्युत्तर शाळा तोवर त्यांच्याच नावाने चालत होती. जुलै 2020 मध्ये ते नावही वगळण्यात आले. 6 नोव्हेंबर 2025 रोजी वयाच्या 97 व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांत डीएनएच्या रचनेच्या 1953 च्या शोधाबरोबर 2007 च्या मुलाखतीचाही उल्लेख होता.