गायतोंडे यांच्या रोलरमागचा इतिहास

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल लिहायला बसलं की मराठी माणसाचा हात आपसूक 'मौनी', 'विरक्त', 'एकांतप्रिय' या शब्दांकडे जातो. त्यात खोटं काही नाही. ते कमी बोलत, माणसं टाळत, वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करत. पण या शब्दांच्या धुपात एक साधा प्रश्न हरवला: खोलीचं दार लावून हा माणूस नेमकं काय करत होता? त्याचं उत्तर अध्यात्मापेक्षा बरंचसं हत्यारांत आहे, आणि ती हत्यारं हातात यायला वीसेक वर्षं लागली.

मूळचं गोव्याचं कुटुंब, १९२४ साली नागपुरात जन्म आणि वाढ गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळाली. जे.जे.त तेव्हा जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीचा वर्ग घेत. लघुचित्रांचा तिथला अभ्यास गायतोंडे यांच्या पुढच्या चित्रांत शोधायला गेलं तर दिसत नाही, कारण आकृती सगळ्या गेल्या. पण रंगाचा सपाट तुकडा स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो, त्याला छायाप्रकाशाचा टेकू लागत नाही, ही गोष्ट लघुचित्रंच शिकवतात. नंतर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव आला. पन्नाशीच्या दशकातल्या कामात क्लेची रेषा स्पष्ट ओळखू येते. मुंबईतल्या बंडखोर आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशीही याच सुमारास संबंध आला, पण त्या गटाचा आवेश गायतोंडे यांच्या अंगाला कधी चिकटला नाही. १९५७ मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळालं. पुढच्या काही वर्षांत रेषाही विरघळली.

या काळाची खरी जागा म्हणजे मुंबईत वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. समुद्राला लागून असलेल्या या बंगल्यात चित्रकारांना काम करायला खोल्या मिळत. हुसेन तिथे होते, प्रफुल्ला डहाणूकर होत्या, नसरीन मोहमदी होत्या. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या नाटकांच्या तालमी तिथेच चालत, रविशंकर यांचे सतारीचे वर्गही. मित्रमंडळी गायतोंडे यांना 'गाय' म्हणत. एवढ्या गजबजाटात राहून या माणसाने रिकाम्या अवकाशाची चित्रं काढली, ही गोष्ट एकांताच्या दंतकथेत कुठे बसवायची हे मला अजून कळलेलं नाही. एकांत त्यांनी आधी कमावला तो माणसांच्या गर्दीत. तो बंगला आता नाही, त्या जागी उंच इमारत आहे.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रश मागे पडला आणि रोलर व पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी, पुढे आले. वाटतो त्यापेक्षा हा बदल मोठा आहे. ब्रशचा फटकारा म्हणजे चित्रकाराची सही. मनगट कुठून कुठे गेलं, वेग किती होता, सगळं त्यात उमटतं. रोलर ही सही पुसून टाकतो. रंग सारखा पसरतो, खालचा थर कुठे झाकला जातो, कुठे डोकावतो. मग नाइफने खरवडायचं, थोडं ठेवायचं, थोडं काढायचं. यात पुढे कागद आला. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून किंवा कापून त्यांचे तुकडे कॅनव्हासवर ठेवायचे, दाबायचे, रोलर फिरवायचा आणि कागद उचलायचा. रंग काही ठिकाणी बसतो, काही ठिकाणी कागदाबरोबर निघून येतो. गायतोंडे यांच्या १९७०च्या दशकातल्या चित्रांत मधोमध तरंगणारी, लिपीसारखी दिसणारी जी चिन्हं आहेत, ती बहुतेक या उचलाउचलीतून आलेली. लोक त्यांत मंत्र वाचतात, बीजाक्षरं शोधतात. वाचोत बापडे. मला मात्र त्यांत आधी फाटलेल्या कागदाची कड दिसते.

आता तैलरंगाचं. तैलरंग पाणी उडून जावं तसा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतं, आणि थर जाड असेल तर त्याला आठवडे लागतात. खालचा थर कच्चा असताना वरून दुसरा दिला तर रंग गढूळ होतो, नाहीतर पुढे तडे जातात. थरावर थर चढवणाऱ्या चित्रकाराला थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. गायतोंडे खुर्चीत बसून कॅनव्हासकडे तासन्‌तास पाहत राहायचे, असं त्यांना ओळखणारे सांगतात. झेनचं वाचन होतं, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांची ओढ होती, हे सगळं खरं. तरी त्या बसण्यातला निदान निम्मा भाग कारागिराचा होता असं मला वाटतं. लोणचं मुरायला ठेवल्यावर बरणी रोज उघडायची नसते.

ते अमेरिकेत जाऊन बदलले, हा मुद्दा इथेच निकालात काढलेला बरा. १९६३ मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज मुंबईत येऊन त्यांचं काम पाहून गेला आणि भारावून त्याने न्यूयॉर्कच्या एका गॅलरीला पत्र लिहिलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं १९६२ सालचं एक चित्र संग्रहात घेतलं. १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले, चेल्सी हॉटेलात राहिले. परत आल्यावर आडवा कॅनव्हास हळूहळू उभा झाला, एवढा बदल दिसतो. पण रंगाचे मोठे पट्टे रंगवणारा अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को पाहून ते असे झाले, हे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं ते तारखांशी जुळत नाही. विमानात बसण्याआधीच रोलर हातात होता.

शब्दाचाही एक जुना घोळ आहे. आपण त्यांना अमूर्त चित्रकार म्हणतो, त्यांना ते मान्य नव्हतं. अमूर्त म्हणजे एखाद्या मूर्त गोष्टीतून सार काढलेलं, आणि आपण तसं काही काढत नाही, अशी त्यांची भूमिका. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द त्यांना चालायचा. मराठीत त्याला वस्तुनिरपेक्ष म्हणता येईल, पण तो शब्द काही रुळला नाही.

१९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये दिल्ली. निजामुद्दीन ईस्टमधली गच्चीवरची छोटी बरसाती, तीच राहायची आणि कामाचीही जागा. सामान अगदी थोडं. वाचन, संगीत, सिनेमा. १९८४ मध्ये अपघात झाला, मानेला जबर दुखापत झाली आणि मोठा कॅनव्हास हाताळणं अशक्य झालं. काही वर्षं फक्त कागदावर शाईची छोटी रेखाटनं झाली. पंचवीसेक वर्षांपूर्वी सोडलेली रेषा इथे परत आली, बारीक, तुटक, हस्ताक्षरासारखी. गायतोंडे यांच्यावरच्या चर्चेत या कागदांना फार जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढे तैलरंग पुन्हा हाती घेतले, पण १९९०च्या दशकाच्या अखेरीला काम थांबलं.

१० ऑगस्ट २००१ रोजी गुडगावात त्यांचं निधन झालं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं ते ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि त्याच्या नावातच 'प्रक्रिया' हा शब्द होता. त्याआधी वर्षभर, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. ते होतं १९७९ सालचं, दिल्लीतलं. चित्राला नाव नव्हतं.