खोक्याला लागणारे पाणी

सोलापुरी टॉवेल पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून दूरदूर जातात. खोके हाताला कोरडे लागते, त्यामुळे ते घडवायला पाणी लागले असेल हे सहसा मनात येत नाही. उजनी धरण मायनसमध्ये गेल्याची, म्हणजे त्यातला उपयुक्त साठा संपल्याची बातमी दर उन्हाळ्यात धडधडत्या काळजाने वाचणाऱ्या आपल्या सोलापुरात तरी ते यायला हवे.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. 1871 मध्ये एकरुखचा तलाव झाला, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी उभी राहिली, 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. तहान वाढली की आणखी लांबून पाणी आणायचे, हीच आपली रीत राहिली. कागदाचे कारखानेही याच समजुतीवर नदीकाठी वसले.

खरे तर कागद पाणी पीत नाही, उसने घेतो. यंत्राच्या जाळीवर लगदा सोडतात तेव्हा त्यात तंतू शंभरात जेमतेम एक भाग असतो, बाकी सगळे पाणी. तंतू सारखे पसरावेत म्हणून ते लागते. जाळीतून ते गळते, दाबाखाली पिळले जाते, उरलेले वाफेच्या तापलेल्या रुळांवर उडून जाते. तयार कागदात ओल उरते सहा-आठ टक्के. म्हणजे जाळीखाली गळालेले पाणी पुन्हा लगद्यात घालता येते. पण नदीचे पाणी जवळपास फुकट होते, तेव्हा ते नाल्यात सोडणेच सोपे पडे. जुन्या कारखान्यांत टनभर कागदाला 2 लाख लिटरच्या आसपास पाणी जाई.

बचत सुरू झाली ती पाण्याच्या काळजीने नव्हे. जाळीखालच्या पांढुरक्या पाण्यातून तंतू वाहून जात, आणि तंतू म्हणजे पैसा. तो गाळून घेणारी ‘सेव्ह-ऑल’ यंत्रे आली आणि स्वच्छ झालेले पाणी आयतेच हाती लागले.

आपल्याकडे 1970 च्या दशकात कागदाची टंचाई झाली. पेंढा, उसाचे चिपाड आणि रद्दीवर चालणाऱ्या छोट्या गिरण्यांना तेव्हा प्रोत्साहन मिळाले. चिपाड शिजवून उरणारे काळे पाणी शुद्ध करणे त्यांना परवडत नव्हते. ते ओढ्यांत गेले. 1974 चा जलप्रदूषण कायदा आणि 1977 चा पाणी उपकर यांमुळे पाण्याला हिशेबाच्या वहीत जागा मिळाली. 2003 मध्ये केंद्राने 1992 पूर्वीच्या मोठ्या कारखान्यांना टनामागे सांडपाणी आधी 140 आणि मग 120 घनमीटरवर आणायला सांगितले. माझ्या मते ही मर्यादा तेव्हाही सैलच होती.

खोक्याचा तपकिरी क्राफ्ट कागद बहुतेक रद्दीपासून होतो. त्याला पाणी पुष्कळ कमी लागते, आणि काही गिरण्या तर थेंबही बाहेर सोडत नाहीत. ते सोपे नाही. तेच पाणी फिरत राहिले की क्षार साचतात, रद्दीतला स्टार्च जिवाणूंना पोसतो, चिकट थर धरतो, कागदाला वास येतो. जाळी धुणाऱ्या फवाऱ्यांना तर नितळच पाणी हवे असते, नाहीतर त्यांची भोके बुजतात.

खोक्यांच्या कारखान्यात पाणी त्या मानाने थोडे जाते: बॉयलरला, शाईचे रूळ धुवायला आणि खळीला. खळ सोलापूरला नवी नाही, सुताला ती पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. पुठ्ठ्याचे थरही स्टार्चच्या खळीनेच चिकटतात. तिची टाकी धुतलेले पाणी पुढच्या खळीत चालते. शाईचे पाणी मात्र वेगळे धरून आधी शुद्ध करावे लागते. वाफेचे थंड झालेले पाणी बॉयलरकडे परत नेले, तर पाण्याबरोबर जळणही वाचते.