आरएफआयडी : कारखान्यातील वापर

रेडिओलहरींनी वस्तूची ओळख पटवण्याच्या तंत्राला आरएफआयडी म्हणतात. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तो याच तंत्राने. कारखान्यात मात्र नुसत्या ओळखीवर भागत नाही. जॉब (घडवला जाणारा भाग) कोणता, त्याच्यावर आतापर्यंत काय झाले आणि पुढे काय व्हायचे आहे, ही माहिती जॉबबरोबर फिरती ठेवायची असते. पूर्वी हे काम रूट कार्ड, म्हणजे जॉबच्या प्रवासाचा कागद, करत असे. ट्रॉलीला तारेने अडकवलेले ते कार्ड कूलंटने (कापणी गार ठेवणाऱ्या द्रवाने) भिजून तिसऱ्या शिफ्टपर्यंत निम्मे पुसले जाई. पुष्कळ छोट्या वर्कशॉपमध्ये आजही तेच चालते.

ओळखीसाठी वस्तूला लावायच्या टॅगमध्ये एक बारीक चिप आणि तिला जोडलेली अँटेना एवढेच असते. कारखान्यातले बहुतेक टॅग ‘पॅसिव्ह’ असतात, म्हणजे त्यांत बॅटरी नसते. चिप चालण्यापुरती वीज त्यांना रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, क्षेत्रातूनच मिळते. १३.५६ मेगाहर्ट्झवर हे ट्रान्सफॉर्मरसारखे घडते. रीडरचे वेटोळे प्रायमरी आणि टॅगचे सेकंडरी. टॅग आपला भार कमी-जास्त करतो, तो बदल रीडरला जाणवतो आणि त्यातून माहिती वाचली जाते. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) पट्ट्यात टॅग आलेली लहर कमी-अधिक प्रमाणात परत फेकतो. पहिल्या प्रकारात वाचनाचे अंतर सहसा काही सेंटिमीटर, दुसऱ्यात काही मीटर. लांबून वाचणारा रीडर चांगला, असे नवख्याला वाटते. असेंब्ली लाइनवर उलट असते. लांबून वाचणारा रीडर शेजारच्या पॅलेटचाही (जॉब वाहून नेणाऱ्या पाटाचाही) टॅग वाचतो आणि एका इंजिनाची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढते.

या तंत्राचा खरा उपयोग पाहायचा तर इंजिन असेंब्लीची लाइन पाहावी. सिलिंडर ब्लॉक पहिल्या स्टेशनवर पॅलेटवर बसतो. पॅलेटच्या खालच्या बाजूला नाण्याएवढा टॅग स्क्रूने पक्का केलेला असतो. त्यात इंजिनाचा क्रमांक आणि प्रकार लिहिला जातो. पुढच्या स्टेशनवर पॅलेट येऊन थांबले की खालचा रीडर टॅग वाचतो आणि पीएलसीला (लाइन चालवणाऱ्या नियंत्रकाला) इंजिनाचा प्रकार कळवतो. त्या प्रकाराला लागणाऱ्या बेअरिंगच्या बिनवरचा (खोक्यावरचा) दिवा लागतो आणि नटरनर, म्हणजे बोल्ट आवळणारे यंत्र, त्याच इंजिनाचा टॉर्क (पिळाच्या जोराचा) प्रोग्रॅम घेतो. बोल्ट आवळून झाले की निकाल टॅगवर लिहिला जातो. त्याच्या पुढचे स्टेशन आधी हा निकाल तपासते. तिथे ‘ओके’ नसेल तर पॅलेट काम न करता रीवर्कच्या (दुरुस्तीच्या) फाट्यावर वळते. एकाच लाइनवर वेगवेगळी इंजिने मिसळून चालवता येतात ती या बंदोबस्तामुळे. शेवटी सगळा तपशील सर्व्हरवर जातो, टॅग कोरा होतो आणि पॅलेट परत पहिल्या स्टेशनकडे निघते.

टॅगवर किती लिहायचे, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, टॅगवर फक्त क्रमांक ठेवा, बाकी सगळे सर्व्हरवर. दुसरा सगळा इतिहास टॅगवरच ठेवतो, म्हणजे नेटवर्क बंद पडले तरी लाइन चालू राहते. दुसरा मार्ग निवडला की वेळेचा हिशेब मांडावा लागतो. कन्व्हेयर मिनिटाला २० मीटर चालत असेल तर सेकंदाला सुमारे ३३३ मिलिमीटर सरकतो. रीडरचे क्षेत्र ६० मिलिमीटर रुंद धरले तर टॅगला जेमतेम ०.१८ सेकंद मिळतो. आयएसओ १५६९३ मानकानुसार टॅगकडून रीडरकडे माहिती सेकंदाला सुमारे २६ हजार बिट या वेगाने जाते. ११२ बाइटचा टॅग तेवढ्या वेळात सहज वाचून होतो. २,००० बाइटला निव्वळ प्रेषणालाच ०.६ सेकंद लागतो, म्हणून पॅलेट थांबवावेच लागते. शिवाय दर स्टेशनवर लिहायचे तर साध्या ईईप्रॉम स्मृतीची लेखनमर्यादा, साधारण एक लाख वेळा, आड येते. म्हणून अशा ठिकाणी एफरॅम स्मृतीचे टॅग घेतात. ते झटपट लिहितात आणि जवळजवळ झिजतच नाहीत.

धातू हा या तंत्राचा जुना वैरी. टॅग थेट लोखंडावर चिकटवला तर पृष्ठभागात उलटे प्रवाह निर्माण होतात, अँटेनाचा सूर बिघडतो आणि टॅग मुका होतो. उपाय म्हणजे मध्ये फेराइटचा (चुंबकीय सिरॅमिकचा) थर किंवा थोडी जागा ठेवणे. पेंट शॉपमध्ये वेगळीच परीक्षा असते. गाडीची बॉडी ज्या स्किडवर (वाहून नेणाऱ्या सांगाड्यावर) असते त्या स्किडचा टॅग रासायनिक टाक्यांतून जातो, मग १६० ते १८० अंशांच्या भट्टीतून, आणि हे रोज. त्यासाठी चिवट प्लास्टिकच्या जाड कवचातले टॅग वापरतात आणि बहुधा ते गार झाल्यावरच वाचतात.

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या टूल होल्डरमध्येही, म्हणजे कापणीचे हत्यार धरणाऱ्या भागातही, टॅग बसतो. १० मिलिमीटर व्यास आणि ४.५ मिलिमीटर जाडीच्या या चिपचे माप जर्मनीच्या डीआयएन ६९८७३ मानकाने ठरवून दिले आहे. प्रीसेटरवर (टूल मोजण्याच्या उपकरणावर) मोजलेली टूलची लांबी आणि व्यास त्यात लिहिला जातो, मशीन तो थेट वाचते. सेटरने ऑफसेट (टूलची ही मापे) हाताने भरताना एक दशांश चिन्ह चुकले तर टूल जॉबमध्ये घुसते. तो धोका इथे टळतो. किती मिनिटे कापणी झाली, हेही चिपवर राहते, त्यामुळे अर्धवट झिजलेले टूल दुसऱ्या मशीनवर नवे म्हणून चढत नाही.

म्हणून प्रत्येक भागावर टॅग लावावा असे मात्र नाही. क्रँकशाफ्टवर टोचून उठवलेला डेटामॅट्रिक्स कोड (ठिपक्यांचा चौकोनी कोड) स्वस्त असतो, पडत नाही आणि गाडी भंगारात जाईपर्यंत टिकतो. कास्टिंगचे तर विचारूच नका. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रस ओतला जातो त्या तापमानाला कुठला टॅग टिकणार? तिथे हीट नंबर (वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) धातूवरच उठवावा लागतो. भागावर कायमची खूण आणि त्याला वाहून नेणाऱ्या पॅलेटवर, स्किडवर किंवा बिनवर टॅग, ही विभागणी सर्वांत टिकाऊ ठरली आहे. विमानउद्योग याला अपवाद आहे. एअरबसने ए३५० विमानाच्या अनेक भागांवरच टॅग लावले, कारण त्यांची देखभाल अनेक वर्षे चालते आणि प्रत्येक सुट्या भागाचा इतिहास मागितला जातो.

या तंत्राचा पाया हॅरी स्टॉकमन यांच्या १९४८ च्या शोधनिबंधात आहे. मारियो कार्डुलो यांना १९७३ मध्ये स्मृती असलेल्या पॅसिव्ह टॅगचे अमेरिकी पेटंट मिळाले. एमआयटीमध्ये १९९९ साली ऑटो-आयडी सेंटर सुरू झाले आणि यूएचएफ टॅगला सर्वमान्य क्रमांकपद्धती मिळाली. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याविना खुला झाला; २०२१ पासून तो ८६८ पर्यंत आहे. अमेरिकेत तो ९०२ ते ९२८ आहे. चाकणहून तिकडे जाणाऱ्या खोक्यांवर म्हणूनच दोन्ही पट्ट्यांत चालणारा टॅग हवा.

टॅग वाचला गेला म्हणजे काम झाले, असे धरणे ही सर्वांत महागडी चूक. रीडरला पॅलेट समोर आले एवढेच कळते. लाइन अडकली की ती सोडवायला एखादा सुटा टॅग रीडरसमोर धरता येतो आणि न झालेल्या कामाची नोंद होऊ शकते. म्हणून ‘ओके’ लिहिण्याचा अधिकार रीडरच्या वाचनाला देत नाहीत; तो नटरनरच्या टॉर्क-अँगलच्या निकालाला किंवा गेजच्या मापाला देतात. दुसरी बाब माणसांची. प्रत्येक नोंदीबरोबर वेळ लिहिली जाते, त्यामुळे पॅलेटबरोबर ऑपरेटरचाही वेग मोजला जातो. हे त्याला आधी सांगितले पाहिजे, आणि स्टेशनवर काय नोंदले जाते ते त्याच्या समोरच्या पडद्यावर त्यालाही मराठीत दिसले पाहिजे.