चर्चची बालगृहे आणि तिथे वाढलेली माणसे (ऑस्ट्रेलिया)

विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात पाच लाखांहून अधिक मुले अनाथाश्रमांत, बालगृहांत किंवा परक्या कुटुंबांत वाढली, असा अंदाज तिथल्या सिनेटच्या समितीने २००४ साली मांडला. यांतली कितीतरी बालगृहे कॅथलिक धर्मसंघ, अँग्लिकन आणि मेथडिस्ट चर्च, सॅल्व्हेशन आर्मी यांच्या हाती होती. दारावर ‘अनाथाश्रम’ अशी पाटी असली, तरी आतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. नवऱ्याने टाकलेल्या, आजारी वा अविवाहित आईला हातभार लावण्याऐवजी तिचे मूलच संस्थेत जाई. ब्रिटन आणि माल्टाहूनही हजारो मुले जहाजाने आणली गेली. तुमचे आईवडील वारले, असे त्यांतल्या अनेकांना खोटेच सांगितले गेले.

मारहाण, अर्धपोटी राहणे, भावंडांची ताटातूट आणि लैंगिक अत्याचार यांच्या साक्षी संस्थेमागून संस्थेत सापडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बिंडून इथे ख्रिश्चन ब्रदर्स संघाने इमारतींचे बांधकाम मुलांकडूनच करून घेतले. शाळेच्या वयात दगड वाहिलेल्या कितीतरी मुलांना पुढे धड लिहिता-वाचता आले नाही.

या माणसांनी स्वतःच संघटना उभी केली. अशाच बालगृहांत वाढलेल्या लिओनी शीडी आणि जोआना पेनग्लेस यांनी २००० साली ‘क्लॅन’ स्थापन केली. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १६ नोव्हेंबर २००९ रोजी देशाच्या वतीने माफी मागितली. संस्थांमधल्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने २०१३ ते २०१७ या काळात आठ हजारांहून अधिक पीडितांचे म्हणणे खासगी बैठकांत ऐकले. त्यातून १ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. तिच्यात कमाल दीड लाख डॉलर, समुपदेशन आणि संस्थेकडून समोरासमोर माफी मिळते. मात्र दावा फक्त लैंगिक अत्याचाराचा चालतो. नुसती मारझोड, उपासमार किंवा फुकट राबवणे सोसलेल्यांना ही योजना दारातच अडवते, आणि हा तिचा सर्वांत मोठा अन्याय आहे. शिवाय रक्कम घेतली की त्या अत्याचारासाठी संबंधित संस्थेवर दिवाणी दावा लावता येत नाही.

पैशाइतकीच ओढ कागदांची असते. २०११पासून सरकारी खर्चाने ‘फाइंड अँड कनेक्ट’ ही सेवा जुन्या नोंदी आणि नातेवाईक शोधून द्यायला मदत करते. फाइल हाती येते तेव्हा कधी त्यात दाखल झाल्याची एक ओळ तेवढी असते. कधी आईने पाठवलेली आणि मुलापर्यंत कधीच न पोचलेली पत्रे निघतात. साठीतल्या माणसाला तेव्हा कळते की आपल्याला कुणी टाकले नव्हते. अशा वेळी सोबत समुपदेशक असणे ही चैन नव्हे.

आता यांतले बहुतेकजण म्हातारे झाले आहेत. ओळीने मांडलेल्या खाटा, ठरल्या वेळी जेवण, दुसऱ्याच्या हातून अंघोळ यांमुळे वृद्धाश्रमाची त्यांना धडकी भरते. म्हणून वृद्धसेवेच्या कायद्याने त्यांची वेगळी दखल घेतली आहे. घरीच देखभाल मिळावी, ही त्यांची मुख्य मागणी आहे. भरपाईसाठी अर्ज करण्याची मुदत ३० जून २०२७ ही आहे.