तापीच्या पात्रातील नदी सुरय आणि ‘पाणथळ’ या शब्दाची व्याख्या : पार्श्वभूमी

मार्च ते मे या काळात तापीचे आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी उतरते, पात्रात वाळूचे पट्टे आणि खडकाळ उंचवटे उघडे पडतात, आणि त्यांच्यावर नदी सुरय हा पक्षी अंडी घालतो. कुरव, सुरय आणि पाणचिरा हे सगळे एकाच कुळातले, म्हणजे जगभर समुद्रपक्षी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातले. नदी सुरय मात्र सहसा गोड्या पाण्यावरच जगतो आणि तेथेच पिल्ले वाढवतो. हिवाळ्यात मोठ्या जलाशयांवर येणारे तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्याआधी लडाख आणि मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकडे परत जातात. नदी सुरय येथेच राहतो. खानदेशात या पक्ष्याचे काय झाले आणि काय होऊ शकते, हे समजण्यासाठी त्याच्या सवयी आणि गेल्या पन्नास वर्षांत नदीत झालेले बदल एकत्र पाहावे लागतात. त्याहूनही अधिक, कायद्यातील ‘पाणथळ’ या एका शब्दाचा प्रवास पाहावा लागतो.

या कुळातील पक्ष्यांच्या डोळ्यांवरच्या बाजूला मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्यामुळे समुद्रावरच्या जातींना खारे पाणी पिऊन जगता येते. नदीवरच्या पक्ष्याला ही सोय फारशी लागत नाही. समुद्रावरची दुसरी सवय मात्र त्याने जशीच्या तशी ठेवली आहे, आणि ती म्हणजे उघड्या जमिनीवर, चारही बाजूंनी पाणी असलेल्या जागी, थव्याने अंडी घालणे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या खडकाळ बेटांवर सुरय याच कारणाने घरटी करतात, कारण कुत्रा, कोल्हा, मुंगूस आणि घोरपड तेथे पोहोचत नाहीत. तापीतील वाळूचे बेट हे त्याच बेटाचे नदीतले रूप आहे, फक्त ते वर्षातून काही महिनेच टिकते. घरटे म्हणजे पायाने आणि पोटाने केलेला उथळ खळगा. त्यात काडी नसते, पान नसते. दोन किंवा तीन अंडी, राखट-हिरवट किंवा मातकट रंगाची, त्यांवर तपकिरी ठिपके. अंड्यांना संरक्षण दोनच गोष्टींचे असते, एक त्यांच्या रंगाचे आणि दुसरे भोवतीच्या पाण्याचे. पाणी आटून बेट काठाला जोडले गेले की दुसरे संरक्षण एका रात्रीत संपते.

खानदेशाच्या संदर्भात या पक्ष्याच्या जीवनातील सर्वांत कठीण भाग म्हणजे ऊन. जळगाव आणि भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही दरवर्षीची बाब आहे आणि उघड्या वाळूचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. पक्ष्याच्या अंड्यातील गर्भ सुमारे ४१ अंशांपुढचे तापमान फार वेळ सहन करू शकत नाही. त्यामुळे आपण ज्याला ‘अंडी उबवणे’ म्हणतो ते काम येथे दुपारच्या वेळी प्रत्यक्षात अंडी थंड ठेवण्याचे असते. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभे राहतात. उष्ण प्रदेशातील अनेक सुरय आणि पाणचिरे पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी व पिल्ले गार ठेवतात. या वेळी माणूस, ट्रॅक्टर किंवा कुत्रा बेटावर आला तर सगळा थवा उडतो, वर घिरट्या घालत ओरडत राहतो, आणि अंडी तेवढा वेळ उघडी पडतात. अंड्याला कोणी हात लावला नाही, पायाखाली एकही अंडे आले नाही, तरी भर दुपारी अर्धा तास पालक दूर राहिले तर त्या वर्षीची वीण वाया जाऊ शकते. पक्षी पाहायला आणि छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांनीही हे लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण ही हानी करणाऱ्याला ती झाल्याचे दिसतही नाही.

अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात आणि त्यानंतर उडता येईपर्यंत आणखी चार ते पाच आठवडे. म्हणजे एका जोडीला जवळपास दोन महिने तेच बेट, तेवढ्याच उंचीचे पाणी आणि जवळच पुरेसे लहान मासे लागतात. सुरय पाण्यावर काही मीटर उंचीवरून चोच खाली रोखून उडतो, क्षणभर एका जागी थांबतो आणि सूर मारतो. त्याची बुडी उथळ असते, त्यामुळे पृष्ठभागाजवळ फिरणारा मासाच त्याच्या हाती लागतो. तो पाणकावळ्यासारखा पाण्याखाली पाठलाग करत नाही. पिल्लासाठी पालक सहसा एका फेरीत एकच मासा आणतो आणि तो पिल्लाच्या घशात मावेल एवढाच असावा लागतो. घरट्यापासून मासे दूर गेले की फेऱ्या लांबतात, फेऱ्या लांबल्या की सावली धरणारा पालक कमी पडतो, आणि अशा रीतीने अन्नाचा प्रश्न उन्हाचा प्रश्न बनतो.

धरणांपूर्वीच्या तापीबद्दल थोडक्यात सांगता येईल. मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहणाऱ्या या नदीचे काठ खानदेशात उंच आहेत, त्यामुळे तिच्या पाण्यावर पूर्वी फारशी शेती होत नसे. फड पद्धतीचे बंधारे पांझरेसारख्या लहान नद्यांवर होते. तापीच्या पात्रात उन्हाळ्यात डांगरवाड्या (टरबूज-खरबुजाचे मळे) लागत, भोई आणि कोळी मासेमारी करत, आणि वाळूची बेटे पुराबरोबर दरवर्षी जागा बदलत. माणूस तेव्हाही पात्रात होताच. फरक एवढा होता की नदी लांबवर मोकळी होती आणि एका ठिकाणी त्रास झाला तर पक्ष्यांना पुढच्या वळणावर दुसरी जागा मिळत असे.

ही मोकळीक १९७० नंतर झपाट्याने कमी झाली. गुजरातेतील उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा, म्हणजे धरणामागे साचून पसरलेले पाणी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात आला. तापी आणि पूर्णा यांच्या चांगदेव येथील संगमाच्या खाली, भुसावळ तालुक्यात, हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याला ४१ दरवाजे आहेत. पुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले, शेळगाव येथेही झाले, आणि मुक्त वाहणारी तापी खानदेशात जलाशयांच्या साखळीत बदलत गेली. गिरणेवर धरण आधीच होते. या बदलाचा पक्ष्यांवर झालेला परिणाम एकेरी नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. हतनूरच्या उथळ, गाळाने भरत चाललेल्या फुगवट्यात हिवाळ्यात बदके, कुरव आणि कल्ला सुरय यांना जागा आणि अन्न मिळाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील महत्त्वाच्या पक्षीस्थळांच्या यादीत हतनूरचे नाव आले. वेंगुर्ल्याची बेटेही त्याच यादीत आहेत. त्या यादीला कायद्याचे बळ मात्र नव्हते आणि आजही नाही.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पाणपक्ष्यांची नियमित गणना जानेवारीत होते. जानेवारीत जलाशय भरलेला असतो, पाहुणे पक्षी आलेले असतात आणि आकडे समाधानकारक दिसतात. नदी सुरयही त्या गणनेत दिसतो, कारण मासे जलाशयात आहेत. पण घरटी एप्रिलमध्ये असतात आणि तेव्हा मोजायला कोणी नसते. हा पक्षी अनेक वर्षे जगणारा असल्यामुळे पिल्ले मोठी होणे थांबले तरी प्रौढ पक्षी बराच काळ दिसत राहतात. हतनूरवर सुरय दिसतो म्हणून तो सुस्थितीत आहे, हे अनुमान त्यामुळे धोक्याचे आहे. जागतिक पातळीवर २०२० पर्यंत नदी सुरयाची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली आणि त्याच वर्षी पाणचिरा ‘संकटग्रस्त’ या वर्गात गेला. दोन्ही जाती नदीतील वाळूच्या बेटांवर घरटी करणाऱ्या आहेत, हा योगायोग नाही.

आता व्याख्येकडे वळू. पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये झाला आणि भारत त्यात १९८२ मध्ये, म्हणजे हतनूर पूर्ण झाले त्याच वर्षी, सहभागी झाला. करारातील व्याख्या व्यापक आहे. त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमचे आणि हंगामी, वाहते आणि साचलेले, असे सर्व पाणी येते. देशात या विषयाचे स्वतंत्र नियम मात्र २०१० मध्ये आले. त्या नियमांच्या व्याख्येत जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळ जागा स्पष्टपणे समाविष्ट होत्या, आणि समुद्रसपाटीपासून २५०० मीटरपेक्षा कमी उंचीवरच्या ५०० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या पाणथळ जागांना संरक्षणाच्या वर्गात ठेवले होते. हतनूरचा फुगवटा या मर्यादेपेक्षा निश्चितच मोठा आहे. त्या व्याख्येतून वगळले होते ते ‘मुख्य नदीपात्र’, भातखाचरे आणि किनारी नियमांखाली येणारा भाग. म्हणजे २०१० च्या नियमांप्रमाणे हतनूरचा जलाशय निदान विचारात घेण्याजोगा होता. तापीचे मुख्य पात्र तेव्हाही बाहेर होते, पण गिरणा, वाघूर, पांझरा या उपनद्यांच्या पात्रांबाबत ‘मुख्य’ या शब्दामुळे युक्तिवादाला जागा होती.

सप्टेंबर २०१७ मध्ये हे नियम बदलले. नव्या व्याख्येत ‘मुख्य’ हा शब्द गेला आणि नुसते ‘नदीपात्र’ वगळले गेले. त्याबरोबर पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, आणि मत्स्यसंवर्धन, मीठ, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचनाही वगळल्या गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहचित्रांवरून तयार झालेल्या नकाशासंग्रहातील २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना जुन्या नियमांतील तत्त्वे लागू ठेवण्याचा आदेश दिला होता, आणि त्या नकाशासंग्रहात जलाशयांचा व नद्यांचा वेगळा वर्ग होता. मोजताना जे पाणथळ ठरले ते व्याख्या लिहिताना पाणथळ राहिले नाही, अशी ही गुंतागुंत आहे. खानदेशातील नदी सुरयाच्या बाबतीत तिचा अर्थ अगदी नेमका आहे. हा पक्षी अन्न शोधतो सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयात आणि अंडी घालतो नदीपात्रात, आणि व्याख्येने या दोन्ही जागा बाहेर ठेवल्या आहेत.

वगळण्याच्या बाजूने मांडलेली कारणे पोकळ नव्हती. धरण पाणथळ म्हणून घोषित झाले तर गाळ काढणे, दरवाजांची दुरुस्ती, आवर्तनांचे, म्हणजे ठरावीक काळाने पाणी सोडण्याचे, वेळापत्रक आणि मासेमारीचे ठेके या सर्वांना नवी परवानगी लागेल, अशी भीती होती. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरची गाळपेर थांबेल, ही धरणग्रस्तांची चिंता तर जिव्हाळ्याची होती, कारण ज्यांची जमीन बुडाली त्यांनाच त्या गाळात चार महिने पीक घेण्याचा पहिला हक्क असतो. पण ही कारणे सवलती देण्याची आहेत, जागाच व्याख्येबाहेर टाकण्याची नाहीत. याला शेजारच्या नाशिक जिल्ह्यातच उदाहरण आहे. नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरीवरचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सिंचनासाठीच बांधलेला बंधारा आहे. तो १९८६ मध्ये अभयारण्य झाला आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला, आणि त्याचे कालवे आजही वाहतात. सिंचनाची रचना आणि पक्ष्यांची जागा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे राज्याने स्वतःच मान्य केलेले आहे. हतनूरला निराळा न्याय का, या प्रश्नाला व्याख्येतून उत्तर मिळत नाही.

व्याख्येबाहेर राहिल्याने पात्रातील निर्णय वेगवेगळ्या कागदांवर आणि वेगवेगळ्या टेबलांवर होतात. नदीतील वाळूउपशाला पावसाळ्यात बंदी असते. म्हणजे उपशाचा हंगाम कोरड्या महिन्यांत येतो आणि त्याचा शेवटचा, सर्वांत वेगाचा भाग नेमका घरट्यांच्या काळात असतो. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी गिरणेच्या पात्रात आवर्तन सोडले जाते. गावांना ते पाणी मिळालेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु एकदम सोडलेल्या पाण्याने सखल बेटे एका दिवसात बुडू शकतात आणि तेच पाणी मार्चच्या सुरुवातीस सोडले तर पक्षी उंच जागा निवडतात. उलट जलाशयातून पाण्याची उचल वाढली की फुगवट्यातील बेटे काठाला जोडली जातात, आणि मागोमाग गुरे, कुत्री आणि गाळपेरीचे नांगर तेथे पोहोचतात. नायलॉनची बारीक जाळी पाण्यात सोडून दिली की त्यांत सूर मारणारे पक्षी अडकतात. यातील प्रत्येक गोष्ट तारखेच्या आणि जागेच्या थोड्या फरकाने सुधारता येण्यासारखी आहे, आणि तो फरक करण्याचा अधिकार कोणा एकाकडे नाही.

पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्पाचे काम बरीच वर्षे चालू आहे. ते पूर्ण झाल्यावर त्याच्या फुगवट्याखाली तापीचा आणखी एक वाहता भाग जाईल. वाळूघाटाला लिलावात क्रमांक असतो, गाळपेरीच्या जमिनीला यादीत क्षेत्र आणि नाव असते. पुराबरोबर दरवर्षी जागा बदलणाऱ्या बेटाला यांपैकी काहीच नसते, त्यामुळे ते बुडाले किंवा उपसले गेले तरी कोणत्याही नोंदीत काही कमी झालेले दिसणार नाही.