इंदूरच्या गच्चीवरचा अँटेना आणि उशिरा आलेले डिजिटल प्रक्षेपण

इंदुरात राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरकडच्या जुन्या घरांवर नजर टाकली, तर एखाद्या गच्चीवर अजूनही लोखंडी पाइप उभा दिसतो. त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा असतो, त्यातल्या एकदोन काड्या कबुतरांनी बसून बसून वाकवलेल्या असतात आणि खाली लोंबणारी चपटी वायर मध्येच तुटलेली असते. हाच अँटेना नव्या टीव्हीला जोडला तर डिजिटल चित्र येईल का, असे घरोघरी विचारले जाते. उत्तर बहुधा नकारार्थी असले, तरी अँटेना जुना झाला हे त्याचे खरे कारण नाही. तो ज्या लहरींसाठी कापला गेला त्या निराळ्या होत्या, आणि डिजिटल लहरी येईपर्यंत गच्चीवर चढून अँटेना फिरवणारी पिढीच उपग्रहाच्या छत्रीकडे, म्हणजे डिशकडे, वळली होती.

या सांगाड्याची रचना जपानी आहे. सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1926 मध्ये ती प्रसिद्ध केली. मधोमध वायर जोडलेली दुमडलेली नळी, तिच्यामागे थोडी लांब काडी आणि पुढे क्रमाने आखूड होत जाणाऱ्या काड्या असा तिचा थाट असतो. मागची काडी लहरी पुढे परतवते, पुढच्या काड्या समोरून येणाऱ्या लहरी नळीकडे वळवतात. म्हणूनच हा अँटेना एका दिशेला तीक्ष्ण आणि बाकी दिशांना जवळजवळ बहिरा असतो. नळीची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी ठेवावी लागते. जुन्या, ॲनालॉग प्रक्षेपणाच्या 190 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीएचएफ लहरीसाठी ती पाऊण मीटरच्या जवळ भरते, तर 500 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे त्याहून आखूड, यूएचएफ लहरीसाठी जेमतेम 30 सेंटिमीटर. बाजारात ‘डिजिटल अँटेना’ म्हणून जे विकले जाते, त्यात डिजिटल असे काहीच नसते. धातूच्या काडीला चित्र ॲनालॉग आहे की डिजिटल हे कळत नाही, तिला फक्त लहरीची लांबी कळते.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाले आणि मुंबईला ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी मिळाले. मध्य प्रदेशाच्या बाबतीत मात्र एक गंमत घडली. 1975-76 मध्ये एटीएस-6 या अमेरिकी उपग्रहावरून देशातील सुमारे 2400 खेड्यांत वर्षभर शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले, त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधील, खेडीही होती. तेथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री उभारली होती. इंदुरातल्या गच्च्यांवर काड्यांचा अँटेना दिसण्याच्या कितीतरी आधी राज्याच्या दुसऱ्या टोकाला लोक थेट उपग्रहावरून चित्र पाहत होते, ही गोष्ट आज कोणाच्या फारशी ध्यानात नसते.

शहरांकडे वारे वाहू लागले ते 1982 पासून. त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण, राष्ट्रीय कार्यक्रम आणि दिल्लीच्या आशियाई स्पर्धा हे सारे एकदम आले. 1983 मध्ये इन्सॅट-1बी अवकाशात गेल्यावर दिल्लीचा कार्यक्रम देशभरच्या सहक्षेपण केंद्रांपर्यंत, म्हणजे तो तसाच आसपास फेकणाऱ्या मनोऱ्यांपर्यंत, पोहोचवण्याची सोय झाली आणि 1984 मध्ये काही महिने तर जवळजवळ रोज एक नवे केंद्र सुरू होत होते. त्यांतली बरीचशी अवघ्या 100 वॅटची होती. अशा केंद्राचे चित्र पंचवीस किलोमीटरच्या आसपास स्वच्छ दिसे आणि त्यापुढे पडद्यावर मुंग्या सुरू होत. आधीच्या पिढीला ‘अँटेना लावता येणे’ ही एक विद्या वाटत असे, तिचे मूळ या मुंग्यांत आहे.

इंदूरच्या मराठी माणसाची अडचण याहून वेगळी होती. रात्री मध्यम लहरींवर दूरची आकाशवाणी केंद्रे ऐकण्याची सवय असल्यामुळे, उंच पाइप लावला तर मुंबई दूरदर्शनही लागेल अशी पुष्कळांची भाबडी आशा होती. मध्यम लहरी रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून शेकडो किलोमीटर जातात, दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा बाक आला की सुटतात. 150 मीटर उंचीचा मनोरा आणि 10 मीटर उंचीवरचा अँटेना धरला, तरी हिशेब साठ-पासष्ट किलोमीटरवर संपतो. इंदूर ते मुंबई हे अंतर सरळ रेषेतही पाचशे किलोमीटर आहे, शिवाय महूच्या पुढे विंध्याची कड आणि नर्मदेपलीकडे सातपुडा आडवा. क्वचित हवेच्या थरांच्या खेळाने एखादे दूरचे केंद्र काही मिनिटे डोकावून जाई, पण त्यावर मालिका पाहता येत नसे. इंदूरच्या मराठी घरांना मराठी चित्र मिळाले ते उपग्रहामुळेच. 15 ऑगस्ट 1994 रोजी दूरदर्शनची मराठी वाहिनी, म्हणजे आजची सह्याद्री, सुरू झाली. 1999 मध्ये अल्फा आणि 2000 मध्ये ई टीव्ही मराठी आली. केबलवाल्याने मोठ्या छत्रीवर त्या पकडून घरात सोडल्या आणि गच्चीवरचा पाइप दोऱ्या बांधून कपडे वाळत घालण्याच्या कामी आला.

डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी) सेवा, पुढची फ्री डिश, सुरू झाली. 31 मार्च 2013 ही केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत होती आणि त्या टप्प्यातील शहरांत इंदूर होते. थोडक्यात, इंदूरकराच्या घरी डिजिटल चित्र आले ते सेट-टॉप डब्यातून. अँटेनाशी त्याचा संबंध आलाच नाही. युरोपात लोकांनी तोच अँटेना ठेवून फक्त टीव्ही बदलला, आपल्याकडे मधली ही पायरीच गाळली गेली.

पायरी अजिबात नव्हती असे मात्र नाही. मनोऱ्यावरून थेट अँटेनाकडे डिजिटल चित्र पाठवण्याच्या डीव्हीबी-टी पद्धतीचे प्रयोग चार महानगरांत 2003 च्या सुमारास झाले होते. 2009 मध्ये डीव्हीबी-टी2 हे सुधारित मानक प्रसिद्ध झाले आणि 25 फेब्रुवारी 2016 रोजी दूरदर्शनने 16 शहरांत त्याचे प्रक्षेपण जाहीर केले. त्या यादीत भोपाळ आणि इंदूर ही दोन्ही नावे होती. पाच वाहिन्या यूएचएफ पट्ट्यातून, शुल्काशिवाय मिळत होत्या. पण भर होता तो फोनला ओटीजी वायरीने डाँगल, म्हणजे लहानसे ग्राहक यंत्र, जोडून चालता-बोलता टीव्ही पाहण्यावर. गच्चीवर यूएचएफचा लहानसा अँटेना लावून घरच्या टीव्हीवर तेच चित्र उत्तम दिसते, हे लोकांपर्यंत नीट पोहोचलेच नाही. माझ्या मते ही संधी वाया गेली.

ज्यांनी तेव्हा प्रयत्न केला, त्यांना जुनी विद्या नडली. ॲनालॉगमध्ये एकजण गच्चीवर पाइप फिरवी, दुसरा खिडकीतून ‘आलं, आलं… गेलं!’ असे ओरडे आणि मुंग्या कमी होत जात त्या अंदाजाने दिशा सापडे. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. लहर पुरेशी असेल तर चित्र काचेसारखे स्वच्छ, थोडी कमी पडली की चौकोनी तुकडे, आणि आणखी कमी झाली की काळा पडदा. शिवाय पाइप हलवल्यावर चित्र जुळायला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर गच्चीवरच्याने पाइप पुढे सरकवलेला असतो आणि खालून ‘आलं’ म्हणतात ते मागच्या जागेचे. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि दर्जा यांच्या दोन पट्ट्या दिसतात. पाइप दोन बोटे फिरवावा, पाच सेकंद थांबावे आणि दर्जाची पट्टी पाहावी. ताकद भरपूर आणि दर्जा शून्य असेल, तर बहुतेक वेळा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, गोंगाटच मोठा करत असतो. बूस्टर लावायचाच तर अँटेनापाशी, पाइपवर. टीव्हीमागे लावलेला बूस्टर वायरीत हरवलेले परत आणू शकत नाही. 30 मीटर आरजी-6 या गोल टीव्ही वायरीतही यूएचएफ लहरीची चार-साडेचार डेसिबल घट होते, आणि जुनी चपटी वायर पावसात भिजली की तिचा उपयोग संपतोच. एका बाबतीत मात्र डिजिटल उदार आहे. उंच इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे पूर्वी चित्राशेजारी त्याची छाया दिसे. नव्या पद्धतीत अशा उशिरा येणाऱ्या लहरींसाठी मोकळा अवधीच राखलेला असतो.

जानेवारी 2017 मध्ये दूरसंचार नियामकाने भूस्थ, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे, डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने 2023 अखेरपर्यंत देशभर न्यावे आणि खासगी कंपन्यांनाही त्यात वाव द्यावा, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात 31 मार्च 2022 पर्यंत मोक्याच्या जागांवरची पन्नासेक केंद्रे वगळता दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि त्या जागी डिजिटल केंद्रांचे तसे जाळे उभे राहिले नाही. त्यामुळे आज महाराणी रोडवर अँटेना घ्यायला जाण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात: आपल्या भागात सध्या कोणत्या मेगाहर्ट्झवर डिजिटल प्रक्षेपण चालू आहे हे दूरदर्शनकडून, आणि टीव्हीत डीव्हीबी-टी2 ट्यूनर आहे का हे माहितीपुस्तिकेतून. सह्याद्रीपुरते पाहायचे असेल, तर फ्री डिशची छत्री आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश वर रोखावी लागते. तिला जुना पाइप चालतो, फक्त तो डुलता कामा नये. 470 ते 582 मेगाहर्ट्झचा पट्टा आता मोबाइलवर थेट प्रक्षेपणाच्या नव्या योजनेसाठी राखण्याची चर्चा सुरू आहे, आणि त्यासाठी लागणारा अँटेना फोनच्या आतच बसवायचा आहे.